नळाजवळची जागा

आधीच सांगून ठेवते, मला मॉलमधलं काही कळत नाय. कळतं असा आवही मी आणत नाय. पण दोन हजार पाच सालच्या पावसाळ्यात माझ्या डोक्याचा जो गुंता झाला, तसा जन्मात कधी झाला नव्हता. लोक म्हणतात गोजराबाई लय तोंडाळ. असेन. त्या वर्षी मात्र माझं तोंडच बंद पडलं होतं.

आम्ही माळी. नवरा पुंजाराम फुलं पिकवणार, मी विकणार, असं लग्नापासून ठरलेलं. दहीपुलाजवळच्या फुलबाजारात आमची एक ओळ होती. ओळीच्या तोंडाशी सखुबाई हारवाली, मग नारळवाले, मग उदबत्ती-कापूरवाले, मग केळीची पानं, आणि पार शेवटी, सार्वजनिक नळाजवळ, मी. माझ्या बाजूला भागीबाई. ती पेठकडच्या डोंगरातली; पत्रावळी, बेल आणि दसऱ्याला आपटा घेऊन यायची. नळाजवळ बारमाही चिखल. बायका हंडे भरायच्या, सांडलेलं पाणी सरळ माझ्या पोत्याखाली. जन्मभर मी ओळीकडे एकच गोष्ट मागितली, की बाबांनो मला तोंडाशी बसवा. एकदा तोंडाची जागा रिकामी झाली तर ती सखुबाईला दिली आणि मला काय म्हणावं? "आक्का, तुला फुलांवर शिंपडायला पाणी लागतं. तू नळाजवळच बरी." महिनाभर मी कुणाशी बोलले नाय. म्हणजे बोलले, पण नुसत्या शिव्या.

आमच्या ओळीत जागेचा एक नियम होता. दसऱ्याच्या दिवशी उजाडताना ज्याचं पोतं ज्या जागेवर पडलेलं असेल, ती जागा पुढच्या दसऱ्यापर्यंत त्याची. पोतं पडलं नाय तर जागा गेली, मग तिथं तुमची सासू बसत असो नाय तर आजेसासू. पालिकेच्या कागदात असलं काही नाय, पण ओळीत त्यावरून कधी कुणी वाद घातला नाय.

आणखी एक गंमत होती, ती मला कधी उमगली नाय. रोज सकाळी पालिकेचा माणूस बाजाराची पावती फाडायला यायचा. माझ्या पावतीचे पैसे कधी भागी द्यायची, कधी नारळवाले, कधी सखुबाई. मी कनवटीला हात घातला की भागी माझा हात धरायची. "राहू दे आक्का." मी खवळायचे. "मी काय भिकारीण हाय का गं?" ती हसायची आणि पैसे देऊन मोकळी. मला वाटायचं, माझ्या तोंडाला भिऊन देत असतील. एकदा मी त्या पावतीवाल्याला असा धुतला होता, की तो दोन दिवस आमच्या ओळीला फिरकला नव्हता.

तर मॉलचं सांगते.

आमचा मळा गंगापूर रोडला. शहर वाढत वाढत बांधापर्यंत आलं आणि एक दिवस बिल्डर दारात. माझा पोरगा कुंदन बी.कॉम. झालेला, त्याचं म्हणणं, आता मळ्यात काही राम नाही. रस्त्याकडचा तुकडा बिल्डरला दिला, त्याच्या बदल्यात कालव्यापलीकडे जमीन आणि वर तिथं होणाऱ्या मॉलमध्ये एक गाळा. मॉल म्हणजे काय बाबा? कुंदन म्हणाला, "आई, छप्पर असलेला बाजार. आत थंडगार. चिखल नाही, माश्या नाहीत. इतकी वर्षं जमिनीवर बसलीस, आता खुर्चीवर बसायचं." असं म्हणताना पोराचे डोळे भरून आले. मग मी काय बोलणार? आणि चिखल नाय म्हणल्यावर मी अर्धी तिथंच विरघळले होते.

गाळा निवडायला गेलो. मॉलचे मॅनेजर यादवसाहेब, लय गोड बोलणारा माणूस. त्यांनी नकाशा पसरला आणि मधेच बोट ठेवलं. "मावशी, हा घ्या. मागं मोठं दुकान येणार आहे, त्याच्या दाराला लागून. आत आहे, पण सोन्यासारखी जागा."

आत! मी नकाशावरून मान वर काढली. "आणि रस्त्याकडचा, दाराशीच हाय तो कुणाचा?"

"तो रिकामा आहे, पण माझं ऐका..."

कशाला ऐकू? आपण होऊन कुणी कुणाला चांगली जागा देतं का? बाजारात केस पांढरे झाले माझे. शिवाय तो दाराशी गाळा म्हणजे आमच्या मळ्याचं तोंड, तिथंच तर रस्त्याला लागून आमचं फाटक होतं. मी असा आवाज चढवला, की साहेबांनी गुपचूप माझं नाव दाराशीच्या गाळ्यावर लिहिलं. कुंदनसुद्धा खूश. मी फुलबाजारात पेढे वाटले. "बघा गं, शेवटी बसले मी तोंडाशी!"

पेढे सगळ्यांनी घेतले, पण कुणी दात म्हणून दाखवला नाय. जळतात मेले, असं मी मनात म्हणले. भागीनं तेवढं विचारलं, "आक्का, मंग दसऱ्याला पोतं?"

"दसऱ्यापर्यंत जागा धरा माझी," मी म्हणले. "गाळा चालला तर नळ तुम्हालाच लखलाभ. नाय चालला तर येईन."

येईन असं बोलायला बोलले. पण खुर्ची सोडून परत चिखलात जायचं, आणि तेही पेढे वाटल्यावर? आणि नाय गेले, तर सासूपासून चालत आलेली जागा कायमची जाणार. म्हणजे दसऱ्यापर्यंत गाळा चालायलाच हवा होता. दुसरी वाटच नव्हती.

श्रावणात मॉल उघडला. फुगे काय, सनई काय! माझा गाळा काचेचा, वर दिवे, खाली फरशी अशी की तिच्यात आपला पदर दिसावा. मी खुर्चीवर बसले. गुलछडी, शेवंती, झेंडू, गुलाब, सगळं मांडलं आणि गिऱ्हाइकाची वाट बघत राहिले. कुणी आलंच नाय.

बरं, मॉल रिकामा असता तर मी समजून घेतलं असतं. पण आतून नुसता गलबला ऐकू येत होता. लहान पोरं किंचाळतायत, लोक हसतायत, मागं त्या मोठ्या दुकानाच्या अंगाला जत्रा भरलेली. आणि मी दाराशी बसलेय, दारातून एक चिटपाखरू आत येत नाय! तिसऱ्या दिवशी मला घाबरल्यासारखं झालं. माणसं आत हायत, पण आत जाताना कुणी दिसत नाय. आली कुठून मग? वरून पडली?

"कुंदन," मी म्हणले, "ह्या मॉलला दुसरं दार हाय का रे?"

"दार नाही आई. खाली गाड्या लागतात. तळघरात. तिथून सरकत्या जिन्यानं वर."

"आमच्या मळ्याखाली?"

"हो."

"जिथं आपण गाजरं लावायचो तिथं?"

"त्याच्याही खाली."

म्हणजे माणसं जमिनीतून उगवत होती. मला हसावं का रडावं कळेना. रस्त्यावरून चालत येणारं गिऱ्हाईक मला ओळखता येतं. घामेजलेलं हाय, घाईत हाय, नव्या सुनेला घेऊन आलंय, चालीवरून सांगते. पण तळघरातून उगवलेल्या माणसाचं काय करायचं? तो वर आला की सरळ मागं वळायचा, मोठ्या दुकानाकडे. माझ्याकडे त्याची पाठ.

मग मी म्हणले, पाठ असू दे, कान तर हायत. घेतला श्वास आणि दिली आरोळी: "ओ दादा, बायकोला गजरा नेला नाय तर आज जेवण नाय मिळायचं!" फुलबाजारात ह्या आरोळीवर लोक वळून हसतात आणि गजरा घेतात. इथं वॉचमन धावत आला. "मावशी, ओरडायचं नाही. म्युझिक चालू आहे." छतातून कसलं तरी पाणचट गाणं गळत होतं, त्याच्यासाठी मी गप्प बसायचं म्हणे! मी त्याला दोन शब्द सुनावले, पण ते नेहमीचे नव्हते. तिथं माझा आवाज मलाच परका वाटायला लागला होता.

एक दिवस पदर खोचला आणि मोठं दुकान बघायलाच गेले. दारात एका पोरीनं माझी पिशवी घेतली आणि तिला गाठ मारली, जणू मी पिशवीत साप आणला होता. आत तांदूळ, चपला, बादल्या, बिस्किटं, चादरी. अहो, एका छपराखाली रविवार कारंजाचा अख्खा बाजार! लोक गाडे ढकलत फिरत होते, कुणी घासाघीस करत नव्हतं, कुणी कुणाशी भांडत नव्हतं. मी वाट चुकले. बाहेर पडायचं दार सापडेना. एका पोराला विचारलं तर तो म्हणाला सरळ जा. सरळ गेले तर परत बादल्या. शेवटी बाहेर आले ती कुठं, तर यादवसाहेबांनी आधी दाखवलेल्या गाळ्यासमोर. तिथं कुणी मक्याचे दाणे वाफवून द्रोणात विकत होतं आणि ही रांग लागलेली!

तशीच तडक यादवसाहेबांच्या केबिनमध्ये घुसले. "साहेब, ह्या मोठ्या दुकानाचं भाडं किती?"

ते हसले. "नावापुरतं, मावशी. जवळजवळ नाहीच. उलट आम्हीच त्यांच्या मागं लागून त्यांना आणलं."

"म्हणजे सगळ्यात मोठा तो, आणि भाडं आम्ही छोट्यांनी भरायचं?"

"तुम्ही जागा जमिनीच्या बदल्यात घेतली, तुम्हाला कुठं भाडं आहे? पण बाकीचे भरतात. आनंदानं भरतात. लोक त्या दुकानासाठी येतात ना. येता-जाता बाकीच्यांकडे चार वस्तू घेतात. ते दुकान उद्या गेलं तर मी इथं कबुतरं पाळीन."

"मग इतकं मोलाचं हाय तर त्याला मागं कोपऱ्यात का टाकलं? दाराशी बसवा की!"

"दाराशी बसवलं तर लोक तिथूनच परत जातील. कोपऱ्यात आहे म्हणून सगळा मॉल चालत येतात."

माझ्या डोक्यावरून गेलं. ज्याच्या जिवावर बाजार, त्याच्याकडून भाडं घ्यायचं नाय, आणि वर त्याला कोपऱ्यात बसवायचं! हा मान म्हणायचा की अपमान? घरी येऊन पुंजारामला सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, "भाजीत मीठ कमी हाय." त्या माणसाशी संसार करणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

गणपती आले, गेले. गौरी आल्या, गेल्या. फुलबाजारात ह्या दिवसांत मला पाणी प्यायला सवड नसायची. इथं मी फुलांवर पाणी मारत बसायचे आणि संध्याकाळी तीच फुलं पोत्यात भरून न्यायचे. कुंदननं गाळ्यावर पाटी लावली, दिव्यांची माळ लावली, एक छोटा धबधबासुद्धा आणून ठेवला. पोरगं दमून जायचं, पण हसून म्हणायचं, "आई, दसऱ्याला बघ. दसऱ्याला झेंडू कोण नाही घेत?" मी मान हलवायचे. त्याला कसं सांगू, की मला दसऱ्याचीच धास्ती हाय? नवरात्रात मी कधी नव्हे ती अबोल झाले. फुलबाजाराकडून जायचं टाळायला लागले. मला ओळीची आठवण यायची. चिखलाचीसुद्धा यायची, सांगायला लाज वाटते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुंजारामनं झेंडूच्या क्रेट भरल्या आणि विचारलं, "पोतं कुठं टाकायचं?"

कुंदन तिथंच उभा होता. त्याच्या तोंडाकडे बघून मी म्हणले, "गाळ्यात."

दसरा उजाडला तेव्हा मी घरी अंगणात तोरणं ओवत होते. पूर्वेला तांबडं फुटलं आणि मला कळलं, की आत्ता, ह्या घटकेला, नळाजवळची जागा गेली. सुई बोटात घुसली. बोट तोंडात घालून मी तशीच बसून राहिले.

मॉलमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. आणि मोठ्या दुकानानं काय करावं? पैसे घेतात त्या काउंटरजवळ झेंडूच्या पिशव्या लावल्या, सोबत आपट्याची पानं प्लास्टिकमध्ये बांधलेली. तळघरातून उगवलेली माणसं तिथंच सगळं घेऊन परत तळघरात जात होती. मी आणि कुंदन पिवळ्या ढिगामागं बसलो होतो. कुंदन आता हसत नव्हता. धबधबा तेवढा चालू होता.

दुपार व्हायच्या आत दाराशी कालवा झाला. "अरे सोड की मेल्या, बॉम्ब हाय का माझ्या भाऱ्यात? पानं हायत पानं!" मी उठून बघते तर भागी. डोक्यावर आपट्याचा भारा, पाय धुळीनं भरलेले, आणि वॉचमन तिला अडवतोय. रस्त्याकडच्या दारातून चालत आत आलेलं श्रावणापासूनचं पहिलं माणूस.

"आक्का!" ती तिथूनच ओरडली. "तू इथं थंडीत काय बसलीस? तिकडं ओळ मेली की गं!"

"मेली म्हणजे?"

भागीनं भारा माझ्या चकचकीत फरशीवर टाकला. "गिऱ्हाईक तोंडाशी येतंय, विचारतंय गोजराबाई कुठं. नाय म्हणलं की माघारी फिरतंय. आत कुणी येतच नाय. श्रावणापासून हेच चाललंय. आज दसरा, आन् माझा भारा तसाच."

"माझ्यासाठी येतात होय? मी तर त्यांना शिव्या देते."

"त्याच ऐकाया येत्यात. तुझ्याकडं फुलं घेतात, येता-जाता आमच्याकडं बाकीचं. म्हणून तर तुला नळापाशी धरून ठेवली."

"धरून ठेवली?"

"नाय तर काय! तोंडाशी बसवली असती तर गिऱ्हाईक तिथूनच घरी. मंग आम्ही आत काय माशा मारायच्या?" आता ती जरा वरमली. "तुला सांगितलं नाय, आक्का. सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसली असतीस."

आणि पावत्या? मला विचारावंच लागलं नाय. चोळीतून तिनं चुरगळलेला कागद काढला आणि माझ्या हातात कोंबला. त्या दिवसाची पावती, माझ्या जागेची. "पोतं पण टाकलंय उजाडताना. तुझ्या नावानं. दोन टाकलीत. एक नळाशी. एक तोंडाशी, सखुबाईनं आपली जागा सोडली. तिला म्हणलं, आक्का तोंडाशी बसली तर आपण उपाशी. ती म्हणली, नाय आली तरी उपाशीच हाय. तुला हवं तिथं बस, पण चल."

मला राग आला. खरंच सांगते, आधी रागच आला. एवढी वर्षं मला मुद्दाम कोपऱ्यात बसवलं, चिखलात बसवलं, वर पाण्याची थाप मारली! तिचं बखोट धरून मी म्हणले, "लबाड कुठली!" आणि पुढची शिवी काही निघेना. एवढी वर्षं मला वाटत होतं की हे लोक मला भितात, सोसतात. हे तर मला पोसत होते, आणि मी त्यांना पोसत होते, आणि हे फक्त मलाच माहीत नव्हतं. मी भागीच्या गळ्यात पडून रडले. भर मॉलमध्ये. छतातलं ते पाणचट गाणं चालूच होतं.

कुंदन बघत होता. मी म्हणले, "कुंदन, बाळा..." त्यानं पुढं बोलू दिलं नाय. दोन क्रेट उचलून खांद्यावर घेतल्या आणि म्हणाला, "चल आई, रिक्षा बघतो. खुर्ची राहू दे."

ओळीपाशी उतरलो. तोंडाशी सखुबाई आपलं सामान कडेला घेऊन उभी होती, आणि तिच्या जागेवर माझं पोतं, कोरडं, झाडून-झटकून टाकलेलं. जन्मभर मागितलेली जागा. सगळी ओळ बघत होती. नारळवाल्यानं हातातला नारळ तसाच धरून ठेवला होता.

"बस आक्का," सखुबाई म्हणाली. "तुझीच हाय." आवाज बिचारीचा बारीक झाला होता.

मी त्या पोत्याकडे बघितलं. मग वाकून ते उचललं, घडी घातली आणि सखुबाईच्या हातात दिलं. "तुझ्या जागेवर तूच बस. मला पाणी लागतं, फुलांवर शिंपडायला."

नारळांपुढून, कापरापुढून, केळीच्या पानांपुढून चालत गेले आणि नळाजवळ जाऊन बसले. पोत्याला खालून पाणी लागलेलं होतंच. कुंदननं ढीग ओतला, भागीनं भारा सोडला. ओळीच्या तोंडाशी एक बाई पिशवी घेऊन घुटमळत होती.

"ओ ताई!" मी ओरडले, आणि काय सांगू, आवाज माझाच निघाला. "तिथं काय देवीसारख्या उभ्या राहिलात? झेंडू इथं हाय! आणि जरा सावकाश या, बाकीच्यांचं पण बघत या!"

ती हसली आणि आत आली. नारळापाशी थांबली, कापूर घेतला, मग माझ्याकडे येऊन झेंडू घेतला, आणि जाताना भागीकडून आपटा घेऊन गेली.